लहान मुलांचा हँड-फूट-माऊथ आजार: घरी काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

जूनमध्ये बालवाड्या उघडतात, पाऊस धरतो आणि थोड्याच दिवसांत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी चिमुकल्या तळहाताचा फोटो येऊन पडतो. लाल ठिपके, एखाद्यात पाणी भरलेलं. खाली तर्क सुरू होतात: कांजिण्या, डास, ॲलर्जी, उष्णता. घरात आज्जीचं निदान तयार असतं, "देवीचं हाय, अंघोळ घालू नगा." देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ साली सापडला, त्यामुळे ती शक्यता सोडून द्या. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल आणि तळहात, तळपाय, तोंड या तिन्ही ठिकाणी एकदम काही उठलं असेल, तर तो बहुतेक वेळा हँड-फूट-माऊथ असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एचएफएमडी असं लिहिलेलं दिसेल.

या आजारात सगळ्यांचं लक्ष फोडांवर जातं, कारण ते दिसतात. मुलाला खरा त्रास होतो तो तोंडातल्या जखमांचा. भरती करायची वेळ आलीच, तर ती बहुधा मुलानं पाणी प्यायचं सोडल्यामुळे येते. म्हणून इथे फोडांवर थोडं आणि पाजण्यावर बरंच लिहिलं आहे.

आधी ओळख पटवा

हा एन्टेरोव्हायरस गटातल्या विषाणूंचा आजार. कॉक्सॅकी ए१६ आणि ए६ हे नेहमीचे, एन्टेरोव्हायरस ७१ हा त्यातला खोडसाळ. लाळ, शेंबूड, फोडातलं पाणी आणि शी या चारही वाटांनी तो पसरतो. लागण झाल्यापासून साधारण ३ ते ६ दिवसांनी लक्षणं दिसतात. म्हणजे आज ताप आला असेल, तर मागच्या आठवड्यातला वाढदिवस किंवा पाळणाघर आठवून बघा.

सुरुवात साधी असते. एक-दोन दिवस ताप, किरकिर, घसा दुखणं, जेवायला नकार. मग जिभेवर, गालांच्या आत, टाळूवर लाल ठिपके येतात आणि त्यांच्या जखमा होतात. मूल लाळ गाळायला लागतं, घास तोंडात धरून रडतं. त्याच सुमारास तळहात-तळपायांवर लाल किंवा करडे, थोडे लांबट फोड येतात; ढुंगणावर, गुडघ्यांवर, कोपरांवरही येतात. ए६ असेल तर तोंडाभोवती आणि हातापायांवर चांगलेच दाट येतात, आणि मुलाला आधीपासून एक्झिमा, म्हणजे कोरड्या-खाजऱ्या कातडीचा त्रास, असेल तर त्याच जागी थवेच्या थवे. बघून छातीत धस्स होतं. पण फोड किती आले यावरून आजार किती गंभीर आहे हे ठरत नाही. तोंडाचं दुखणं पहिले तीन-चार दिवस सर्वांत जास्त असतं आणि ७ ते १० दिवसांत सगळं ओसरतं.

कांजिण्यांत फोड पोट-पाठ-डोक्यापासून सुरू होतात, खूप खाजतात आणि टप्प्याटप्प्यानं नवे येत राहतात. गोवरात आधी खोकला, नाक गळणं, लाल डोळे, मग पुरळ चेहऱ्यापासून खाली उतरतो. खरजेत ताप नसतो, बोटांच्या बेचक्यांत खाज येते आणि रात्री वाढते. हिरड्या सुजून लालबुंद झाल्या, त्यातून रक्त येतंय आणि हातापायांवर काही नाही, असं असेल तर तो हर्पीसचा वेगळा आजार असू शकतो आणि त्याचं औषध वेगळं आहे. एवढं वाचूनही शंका राहिली तर ग्रुपवर फोटो टाकण्यापेक्षा एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा ते नुसतं बघून सांगतात, रक्त तपासावं लागत नाही.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात दारात म्हैस असलेली घरं कमी नाहीत, त्यामुळे आणखी एक प्रश्न हमखास निघतो: गोठ्यात लाळ्या-खुरकूत आली होती, तीच पोराला लागली काय? नाही. जनावरांचा तो विषाणू वेगळा, मुलांचा हा वेगळा. म्हशीकडून मुलाला हा आजार येत नाही, मुलाकडून म्हशीला जात नाही. २०२२ मध्ये केरळातून ‘टोमॅटो फ्लू’ची बातमी आली आणि नवाच रोग आल्यासारखी घबराट झाली. केरळहून ब्रिटनला परतलेल्या दोन भावंडांच्या नमुन्यांत शेवटी निघाला तो कॉक्सॅकी ए१६, म्हणजे हाच आपला ओळखीचा.

ताप उतरवताना बाटलीवरचा आकडा वाचा

ताप आणि दुखणं दोन्हींसाठी पॅरासिटामॉल पुरतं. एका वेळचा डोस मुलाच्या वजनाप्रमाणे, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर ठेवायचं आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस द्यायचे नाहीत. गडबड होते ती बाटलीमुळे. मेडिकलमध्ये पॅरासिटामॉल तीन-चार ताकदीत मिळतं. ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५, आणि जास्त ताकदीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये २५०. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं झालं तर ते ड्रॉप्सचं दीड मिलिलिटर, १२५ वाल्या सिरपचं ६ मिलिलिटर आणि २५० वाल्याचं ३ मिलिलिटर. शेजारणीनं "अर्धा चमचा द्या" म्हटलं, तर तिची बाटली कुठली होती हे आधी विचारा. डोस डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि बाटलीसोबतच्या मापानं किंवा सुई काढलेल्या सिरिंजनं मोजा. स्वयंपाकघरातला चमचा नको. सर्दी-तापाच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते सोबत दिलं की डोस दुप्पट होतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका, थेट दाखवा.

पावसाळ्यात कोल्हापुरात डेंग्यूही असतोच. फोड अंगावर नीट उमटेपर्यंत ताप कशाचा हे पक्कं सांगता येत नाही, म्हणून आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड स्वतःहून देऊ नका. डेंग्यूत या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि शरीरात पाणी कमी असताना आयबुप्रोफेन मूत्रपिंडांनाही जड जातं. ॲस्पिरिन तर लहान मुलांना नाहीच. विषाणूच्या तापात त्यातून यकृत आणि मेंदूवर घातक परिणाम होऊ शकतो.

पाजणं हेच उपचार

विषाणू मारणारं औषध या आजारावर नाही. शरीर तो आपणच काढून टाकतं. तोवर मुलाच्या पोटात पाणी जात राहील एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते बोलायला सोपं, करायला कठीण. दोन वर्षांचं दुखावलेलं पोर ओठ घट्ट मिटून बसलं की घरातली चार मोठी माणसं हतबल होतात.

पहिली गोष्ट वेळेची. पॅरासिटामॉल द्यायचंच असेल तर ते खाण्यापिण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. दुखणं उतरलेल्या त्या तास-दोन तासांत मूल बऱ्यापैकी घेतं. ताप नसला तरी तोंड दुखतंय म्हणून डोस द्यायला हरकत नाही, मर्यादा तीच.

दुसरी गोष्ट मापाची. दहा किलोच्या मुलाला दिवसाला सगळे द्रव मिळून साधारण एक लिटर लागतं. हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. दर पाच मिनिटांनी ५ मिलिलिटर दिलं तर तासाला ६० मिलिलिटर होतात, जागेपणीच्या बारा तासांत सातशेवर जातात. उरलेलं दूध, पेज, खिरीतून भरून निघतं. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळू सोडा, जिभेच्या मध्यावर नाही. एक माणूस थकला की दुसऱ्यानं घ्यावं. एकत्र कुटुंबाचा असा उपयोग दुसऱ्या कुठल्या आजारात होत नसेल. दुधाच्या बाटलीचं निपल आणि स्ट्रॉ जखमेला टोचतात, त्यापेक्षा वाटी-चमचा किंवा उघडा पेला बरा. अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजत राहा. ओढताना दुखून ते सोडत असेल तर दूध काढून वाटी-चमच्यानं द्या.

तिसरी गोष्ट गारव्याची. "आजारी पोराला गार देताय?" असं कुणीतरी म्हणणारच. द्या. गार पदार्थानं तोंड बधिर होतं आणि गिळणं सोपं जातं, आजार त्यानं वाढत नाही. गार दूध, गोड ताज्या दह्याची बिनमिठाची पातळ लस्सी, शहाळ्याचं पाणी, साधं आईस्क्रीम, मोठ्या मुलाला चोखायला बर्फाचा खडा. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध-कट्ट्यावरचं धारोष्ण दूध ही मोठ्यांची हौस. मुलाला दूध उकळून, मग गार करून द्या.

उलट्या-जुलाब असतील किंवा दूधही जात नसेल तर ओआरएस हवं. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, छोटी २०० मिलिलिटरची. पुडीवर लिहिलं आहे तेवढंच पाणी, मोजून. चवीसाठी साखर घालू नका, अर्ध्या पुडीचा अंदाजही बांधू नका. कालवलेलं २४ तासांनी टाकून द्या. पुडी घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा. फळांच्या चित्रांची गोड पाकिटबंद पेयं ओआरएसच्या शेजारी मांडलेली असतात, त्यांत साखर जास्त असते आणि जुलाब त्यानं वाढू शकतात.

खाण्याचं तीन-चार दिवस मनावर घेऊ नका. गुरगुट्या भात तूप घालून, कोमट नाचणीची खीर, शेवयांची खीर, केळं, चिकू, मऊ शिरा, गोड दहीभात, यांतलं जे जाईल ते. गरम, आंबट, खारट आणि तिखट बंद. आपल्या घरात ‘मुलांसाठी कमी तिखट’ म्हणजे कांदा-लसूण मसाल्याचा अर्धा चमचा, तो सुद्धा नको. पांढरा रस्सा दिसायला सौम्य, पण त्यातली मिरी जखमेला झोंबते. संत्री, लिंबू, टोमॅटो, भडंग, बिस्किटांचे कडक तुकडे पुढच्या आठवड्यात.

पाणी पुरतंय का हे ओळखायचं एकच भरवशाचं माप घरात आहे: शू. दर वेळची वेळ मोबाईलमध्ये टिपून ठेवा. सहा ते आठ तासांत एकदाही झाली नाही, किंवा गडद पिवळी होतेय, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, डोळे खोल गेलेत, तर पाजणं कमी पडतंय.

फोडांना फार काही करू नका

फोडू नका. नखं कापा. रोज कोमट पाण्यानं अंघोळ घाला, मऊ पंचानं टिपून घ्या, सुती कपडे घाला. खाजत असेल तर कॅलामाइन लोशन. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवल्यानं आज्जीला बरं वाटत असेल तर ठेवू द्या, पण पाल्याचा लेप, हळद, टूथपेस्ट, राख यांतलं काहीही फुटलेल्या फोडावर नको. एखाद्या फोडात पू झाला, भोवतीची कातडी लाल, गरम होऊन पसरायला लागली तर दाखवा. अँटिबायोटिकची गरज तेवढ्यापुरतीच पडते, विषाणूवर ते चालत नाही. कांजिण्या आणि नागिणीवरचं ॲसायक्लोव्हिर यालाही लागू पडत नाही, त्यामुळे मागच्या वेळची उरलेली बाटली उघडू नका.

तोंडाला लावायच्या जेलबाबत माझं मत कडक आहे: डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय कुठलंच नाही. मोठ्यांच्या तोंड येण्यावर मिळणाऱ्या काही जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं, तो ॲस्पिरिनचाच नातेवाईक. बधिर करणारं लिग्नोकेन किंवा बेंझोकेन लहान मूल गिळतं आणि त्याचा घातक परिणाम होऊ शकतो. वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाला मधही लावू नका, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नका

बहुसंख्य मुलं घरीच बरी होतात. क्वचित, विशेषतः एन्टेरोव्हायरस ७१ असेल तर, विषाणू मेंदूपर्यंत किंवा हृदयापर्यंत जातो. १९९८ मध्ये तैवानमध्ये याच विषाणूच्या साथीत ७८ मुलं दगावली होती. म्हणून पुढचा भाग फ्रीजवर लावून ठेवा:

- झोपेत किंवा झोप लागताना मूल वारंवार दचकतं, हातपाय झटके देतात
- चालताना तोल जातो, हात थरथरतात, एखादा हात किंवा पाय लुळा वाटतो
- उठवूनही नीट जागं होत नाही, किंवा विलक्षण चिडचिड थांबत नाही
- सतत उलट्या, जोरात डोकेदुखी, मान ताठ, फिट
- श्वास जलद, हातपाय गार, अंगावर निळसर-करडी झाक
- ताप तीन दिवसांवर टिकला किंवा १०२ च्या वर राहून औषधानं उतरत नाही
- आठ तास शू नाही

यातल्या दचकण्याकडे दुर्लक्ष होतं. "भ्यालंय पोर, दृष्ट काढा" म्हणून रात्र निघून जाते. दृष्ट काढायची तर काढा, पण गाडी काढल्यावर. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, किंवा हृदयाचा आजार, कमी प्रतिकारशक्ती असलेलं मूल असेल तर यादी पूर्ण होण्याची वाट न बघता पहिल्याच दिवशी दाखवा.

शहरात तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ असतील ते पहिले. रात्री-अपरात्री सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, चोवीस तास उघडं असतं. इचलकरंजीकरांना इंदिरा गांधी सामान्य रुग्णालय, गडहिंग्लज भागाला तिथलं उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं. गगनबावडा, आजरा, चंदगड, राधानगरीच्या वाड्यांवरून कोल्हापूर गाठायला पावसात किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो, रस्त्यावर पाणी आलं तर वळसा पडतो. तिथल्या घरांनी वरच्या यादीतलं पहिलं लक्षण दिसताच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावं आणि पुढची हलवाहलव त्यांना ठरवू द्यावी. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. जाताना ताप कधीपासून, पॅरासिटामॉल किती आणि किती वाजता, शेवटची शू कधी, हे कागदावर लिहून न्या.

घरातल्या बाकीच्यांना वाचवताना

सॅनिटायझरवर विसंबू नका. या विषाणूला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर कमी पडतं. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद: शी धुतल्यावर, डायपर बदलल्यावर, नाक पुसल्यावर आणि मुलाला भरवण्याआधी. मुलाचा पेला, चमचा, टॉवेल वेगळा. उष्टा घास संपवायची आईची सवय या आठवड्यात मोडा, आणि आजोबांना पापी घेऊ देऊ नका. मोठ्यांनाही हा आजार होतो; कित्येकदा लक्षणं न दिसता होतो आणि ते तो पुढे देतात.

खेळणी आणि दारांच्या कड्या आधी साबणानं धुवा, मग ब्लीचच्या द्रावणानं पुसा. दुकानातलं सुमारे ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक लिटर पाण्यात १० मिलिलिटर. शी किंवा उलटी सांडलेल्या जागी २० मिलिलिटर. पंधरा-वीस मिनिटं ठेवून साध्या पाण्यानं पुसून घ्या. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. कपडे वेगळे धुवा. आषाढात ऊन कुठून आणायचं, तर वाळल्यावर कडक इस्त्री फिरवा. डायपर कागदात गुंडाळून, पिशवीची गाठ मारून घंटागाडीत.

घरात कुणी गरोदर असेल तर घाबरवू नका. बहुतेक वेळा काही होत नाही, पण दिवस भरत आले असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण नवजात बाळाला हा आजार जड जाऊ शकतो. शक्य असेल तर डायपर बदलण्याचं काम तेवढे दिवस दुसऱ्यानं करावं.

शाळेत कधी पाठवायचं

औषधाशिवाय २४ तास ताप नाही, तोंडातून लाळ गळत नाही, फोड सुकले आहेत आणि मूल नेहमीसारखं खातंय-खेळतंय, या चार गोष्टी झाल्या की पाठवा. साधारण आठवडा लागतो. काळे डाग पूर्ण जाईपर्यंत घरी ठेवायचा हट्ट काही शाळा धरतात, त्याला अर्थ नाही. शीमधून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, मग तेवढे आठवडे मुलाला कोंडणार का? त्यापेक्षा बालवाडीत जेवणाआधी आणि संडासानंतर साबणानं हात धुतले जातात की नाही हे बाईंना विचारा. पहिल्याच दिवशी शाळेला किंवा अंगणवाडीताईंना कळवा. लपवलं की आठवड्याभरात अख्खा वर्ग आजारी.

एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही. विषाणूचे प्रकार अनेक, प्रतिकारशक्ती ज्याच्यामुळे झाला त्यापुरती. एन्टेरोव्हायरस ७१ वरची लस चीनमध्ये २०१६ पासून दिली जाते, भारतात ती मिळत नाही, आणि बाकीच्या प्रकारांना ती अडवतही नाही.

बरं झाल्यावर दोन गोष्टी मागाहून येतात. एक-दोन आठवड्यांनी तळहात-तळपायांची साल निघते. मग महिना-दोन महिन्यांनी, आजार विसरल्यावर, एखाद्या दिवशी बोटाचं नख मुळापासून सुटलेलं दिसतं, कधी चार-पाच बोटांची. ए६ नंतर हे बऱ्याच मुलांत होतं. बुरशीचं औषध किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणायला धावू नका. खाली नवं नख येत असतं. सुटलेला भाग ओढू नका; तो कपड्यात अडकत असेल तर तेवढाच कातरा आणि पायाला काही दिवस मोजे घाला.